‘हॅव’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व उपयोग

(कल्याण येथे प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर ‘इंग्रजीचे अध्यापन’ असा भला मोठा विषय छापलेला आहे. एवढ्या विषयास तासाभरात न्याय देणे माझ्याच्याने होणार नाही. म्हणून आपल्या अनुज्ञेने मी त्यातील एकच शब्द उचलतो. तो तीन-चार अक्षरांचा आहे, पहिल्या इयत्तेच्या मुलालाही माहीत आहे, आणि तो मला अजूनही पुरता आला आहे असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तो शब्द म्हणजे ‘हॅव’.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. मी सेवेत आलो तेव्हा आपल्या शाळांतून इंग्रजी पाचवीपासून शिकवीत. मुरबाड तालुक्यातील एका शाळेत माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. त्यात एक मुलगी होती. शांत, अक्षर मोत्यासारखे, गणितात हुशार. तिने निबंधाच्या वहीत लिहिले, ‘माय अंकल हॅव टू काऊज.’ मी ‘हॅव’ खोडून ‘हॅज’ केले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात मी रागावलो आणि ते वाक्य शंभर वेळा लिहून आणण्याची आज्ञा केली. तिने दुसऱ्या दिवशी शंभर वेळा, एकही चूक न करता, ‘माय अंकल हॅज टू काऊज’ लिहून आणले. मला समाधान वाटले. मग मी तिला फळ्यावर ‘माझ्या बहिणीकडे तीन पुस्तके आहेत’ याचे भाषांतर लिहावयास सांगितले. तिने लिहिले, ‘माय सिस्टर हॅव थ्री बुक्स.’

मी चिडून विचारले, “अगं, बहीण एक की तीन?” तिने अगदी सरळपणे उत्तर दिले, “गुरुजी, बहीण एकच आहे. पण पुस्तकं तीन आहेत ना!”

वर्ग हसला, मीही हसलो, आणि तिला जागेवर जाऊन बसावयास सांगितले. वर्ष संपेपर्यंत त्या मुलीने इंग्रजीच्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. तिचे उत्तर चुकीचे नव्हते, ते व्याकरणाचे उत्तर होते, हे माझ्या ध्यानात यावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. आजचे माझे बोलणे हे एका अर्थी त्या मुलीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

तिचे म्हणणे काय होते ते पाहू. ‘माझ्या बहिणीकडे तीन पुस्तके आहेत.’ या मराठी वाक्यात कर्ता कोण? बहीण नव्हे. बहीण ‘कडे’ हे शब्दयोगी अव्यय लावून बाजूला उभी आहे. कर्ता ‘पुस्तके’ हा आहे, आणि क्रियापद त्याच्याच वचनाप्रमाणे चालते: एक पुस्तक आहे, तीन पुस्तके आहेत. बहिणी कितीही असोत, क्रियापदाला त्याचे काही देणेघेणे नाही. इंग्रजीत याच्या नेमके उलट आहे. तेथे बहीण वाक्याच्या अग्रभागी येऊन बसते, कर्ता होते, आणि पुस्तके तिचे कर्म होतात. पुस्तके तीन असोत वा तीनशे, बहीण एक असल्यामुळे ‘हॅज’ येणार. म्हणजे ज्या मुलीला मी निष्काळजी समजत होतो ती मराठीचा नियम कसोशीने पाळीत होती. तिने मालकाकडे पाहावयाचे सोडून मालमत्तेकडे पाहिले, कारण तिच्या भाषेने तिला तेच शिकविले होते.

आपल्या शाळांतील वह्यांत ‘हॅव’ आणि ‘हॅज’ यांच्या ज्या चुका आढळतात, त्या या दृष्टीने एकदा तपासून पाहाव्यात. पुष्कळ ठिकाणी आढळेल की वस्तू अनेक असल्या की मूल ‘हॅव’ लिहिते आणि वस्तू एक असली की ‘हॅज’ लिहिते. ‘दे हॅज अ हाऊस’ असे मूल का लिहिते? घर एक आहे म्हणून. आणखी एक पुरावा देतो. भूतकाळी ‘हॅड’ लिहिताना हीच मुले सहसा चुकत नाहीत, कारण ‘हॅड’ला वचनच नाही. ठाणे जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तत्पूर्वी आपल्या जिल्ह्यात पंधरा तालुके होते, आता सात आहेत. ‘ठाणे डिस्ट्रिक्ट हॅड फिफ्टीन तालुकाज’ हे वाक्य मूल बरोबर लिहील. पुढचे ‘नाऊ इट हॅज सेव्हन’ लिहिताना मात्र त्याची लेखणी अडखळेल. सात म्हटल्याबरोबर त्याच्या मनात ‘आहेत’ उमटते आणि हातून ‘हॅव’ उतरते.

हे समजले की उपायही हाती येतो. ‘एकाला हॅज, अनेकांना हॅव’ एवढाच नियम घोकून घेतल्याने काम भागत नाही, कारण कोणाचे एक आणि कोणाचे अनेक हे त्यात सांगितलेलेच नसते. शिवाय ‘आय’ आणि ‘यू’ हे एक असूनही ‘हॅव’ घेतात. तेथे नियम मोडतो आणि मूल गोंधळते. त्याऐवजी मराठी वाक्य उलटे करावयास शिकवावे. मी अलीकडे असे करतो. वर्गात एका मुलाच्या हातात छत्री देतो आणि विचारतो, “छत्री कोणाकडे आहे?” उत्तर येते, “रामकडे.” मग म्हणतो, “आता रामला पुढे आणा, त्याच्या मागचे ‘कडे’ काढून घ्या, आणि सगळ्यांनी फक्त रामकडे बघा. छत्रीकडे बघू नका.” राम हॅज. मग त्याच्या हाती दोन छत्र्या देतो, तीन देतो. राम अजून एकच आहे ना? राम हॅज. मग श्यामला त्याच्याशेजारी उभा करून दोघांत मिळून एकच छत्री देतो. राम अँड श्याम हॅव. पावसाळ्यात आपल्या शाळांत छत्र्यांना तोटा नसतो, आणि या खेळाला एक पैचाही खर्च नाही.

आता थोडे मुळाकडे जाऊ. हा उलटेपणा आला कोठून? इंग्रजी ‘हॅव’चा मूळ अर्थ ‘पकडणे, धरणे’ असा होता असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ म्हणून याच अर्थाचे क्रियापद आहे आणि दोन्ही शब्द ऐकावयास सारखे वाटतात. परंतु त्यांचे नाते नाही. ‘हॅव’चे खरे नाते लॅटिन ‘कापेरे’ म्हणजे ‘पकडणे’ या क्रियापदाशी आहे. जो पकडतो तो कर्ता आणि जे पकडले ते कर्म, ही रचना त्यामुळे इंग्रजीत स्वाभाविकपणे आली. आपल्याकडे असा एकच शब्द कधी नव्हता. संस्कृतातही ‘मम पुत्रः अस्ति’ असेच म्हणत, म्हणजे ‘माझा मुलगा आहे’. रशियन, अरबी, तुर्की या भाषांतही ‘हॅव’ला तंतोतंत जुळणारे नित्याचे क्रियापद नाही, तेथेही वस्तूच ‘असते’. तेव्हा ‘मराठीत हॅवला शब्द नाही’ म्हणून कोणी कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट यावरून ‘मराठी माणसाला मालकीची हाव नाही’ असा सिद्धान्त कोणी मांडू लागला, तर त्याने बांधाच्या तंट्याची तारीख असेल त्या दिवशी कोणत्याही तहसील कचेरीत जाऊन बसावे.

एक शब्द नाही, पण अनेक रचना आहेत, आणि त्या फार नेमक्या आहेत. नाते असेल तर आपण ‘ला’ लावतो: मला दोन भाऊ आहेत. ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ म्हटले तर ते शेजारी बसले आहेत असा अर्थ होईल. अवयवालाही ‘ला’च: हत्तीला सोंड आहे. वस्तू या क्षणी अंगावर वा हाताशी असेल तर ‘जवळ’: माझ्याजवळ दहा रुपये आहेत. ताब्यात असेल, मग ती घरी का असेना, तर ‘कडे’: आमच्याकडे दोन म्हशी आहेत. गुण असेल तर ‘अंगी’: तिच्या अंगी धैर्य आहे. गावाची वा जागेची गोष्ट असेल तर ‘त’: ठाण्यात पुष्कळ तलाव आहेत. मराठी मूल हे सर्व भेद न शिकवता पाळते. इंग्रजी या सगळ्यांना एकाच ‘हॅव’मध्ये ओतते. म्हणून ‘हॅव म्हणजे असणे’ एवढा एकच अर्थ फळ्यावर लिहून पुढे जाणारा शिक्षक मुलाच्या हाती किल्ली न देता कुलूपच देतो. मी वर्षानुवर्षे तसेच केले.

जागेच्या वाक्यांचा आपल्या जिल्ह्यात चांगला उपयोग होतो, कारण गाव नेहमी एकच असते आणि त्यात असलेल्या गोष्टी अनेक असतात. ‘ठाणे हॅज मेनी लेक्स.’ ‘डोंबिवली हॅज टू पार्ट्स, ईस्ट अँड वेस्ट.’ मराठीत ‘आहेत’, इंग्रजीत ‘हॅज’. मुलाची परीक्षा येथेच होते. ‘कल्याण हॅज अ फोर्ट’ म्हणावे आणि दुर्गाडीची आठवण द्यावी. ‘देअर आर मेनी लेक्स इन ठाणे’ हीही तितकीच शुद्ध रचना आहे हे मुलांना अवश्य सांगावे. एखाद्याने तसे लिहिल्यास गुण कापू नयेत.

शहापूरकडील शिक्षकबंधूंसाठी एक जोडवाक्य सुचवितो. ‘शहापूर हॅज द डॅम्स. मुंबई हॅज द वॉटर.’ तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावेही त्याच तालुक्यात आहेत. दोन्ही वाक्यांत ‘हॅज’ एकच आहे. पहिल्यात त्याचा अर्थ ‘त्या ठिकाणी आहे’ एवढाच, दुसऱ्यात ‘मिळते, वापरावयास आहे’ असा. हा भेद मुलांना समजावून सांगण्याची गरज मला कधी पडली नाही. त्यांना तो आधीच ठाऊक होता.

आजार आणि देहधर्म यांच्या बाबतीत जरा जपावे लागते. एका मुलाने मला विचारले होते, “गुरुजी, शेळी माझी, वही माझी, हे कळलं; पण ‘आय हॅव फीव्हर’ म्हणजे ताप माझ्या मालकीचा कसा?” प्रश्न रास्त होता. इंग्रजीत आजार माणसापाशी असतात: ‘हॅव अ फीव्हर’, ‘हॅव अ कोल्ड’. परंतु भूक आणि तहान यांना ‘हॅव’ चालत नाही. तेथे माणूस स्वतःच भुकेला ‘असतो’: ‘आय ॲम हंगरी’. आणि थंडीचा घोटाळा तर प्रसिद्धच आहे. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजते. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली आहे. डिसेंबरात सकाळच्या शाळेत कुडकुडणारे मूल यांपैकी काय म्हणते इकडे लक्ष असू द्यावे.

‘हॅव’चा दुसरा मोठा प्रांत म्हणजे कृतीचा. ‘हॅव टी’ म्हणजे चहा घेणे, ‘हॅव अ बाथ’ म्हणजे स्नान करणे, ‘हॅव अ लुक’ म्हणजे नजर टाकणे, ‘हॅव अ सीट’ म्हणजे बसणे. येथे ‘असणे’चा मागमूसही नाही. याच ठिकाणी आपल्याकडे फार बोकाळलेली एक चूक दुरुस्त करता येते: ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ ही चूक मुलांचीच आहे असे नाही. सुशिक्षितांच्या तोंडीही ती सर्रास ऐकू येते. इंग्रजी व्याकरणात तिचे कारण पुस्तकी शब्दांत दिलेले असते, पण मराठी मुलाला त्याची गरजच नाही. त्याला एवढेच विचारावे: “‘मला दोन भाऊ असत आहेत’ असे आपण म्हणतो का?” मूल हसते. “‘मी जेवत आहे’ म्हणतो का?” म्हणतो. झाले तर मग. जेथे मराठीत ‘असत आहे’ करावे लागते तेथे ‘हॅविंग’ नको. जेथे ‘घेत आहे, जेवत आहे, करत आहे’ येते तेथे ‘आय ॲम हॅविंग माय लंच’ बिनदिक्कत म्हणावे. मराठी ही इंग्रजीच्या वाटेतील धोंड आहे असे समजणाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम ऐकवितो. धोंड खरी, पण तिच्यावर उभे राहिले तर पलीकडचे दिसते.

तिसरा प्रांत साहाय्यक क्रियापदाचा. ‘द ट्रेन हॅज लेफ्ट’ म्हणजे गाडी गेली आहे. येथे कल्याणला फलाटावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला या काळाचा अर्थ अंतःकरणापासून समजतो: गाडी गेली, आणि तिच्या जाण्याचा परिणाम आपण या क्षणी भोगीत आहोत. कर्तरी प्रयोगात अडचण नाही. पण कर्मणी आला की आमच्या त्या मुलीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ‘सीतेने दोन आंबे खाल्ले आहेत.’ क्रियापद आंब्यांप्रमाणे. म्हणून मूल लिहिते, ‘सीता हॅव ईटन टू मँगोज’. ‘मुलांनी गोष्ट वाचली आहे’ याचे ‘द चिल्ड्रन हॅज रेड द स्टोरी’ होते. दुखणे तेच आहे आणि औषधही तेच: ‘ने’ आणि ‘नी’ काढून घ्या, आणि खाणाऱ्याकडे पाहा. गमतीची गोष्ट अशी की फार जुन्या इंग्रजीत ही रचना आपल्यासारखीच वस्तूकडे झुकलेली होती. ‘आय हॅव द लेटर रिटन’, म्हणजे ‘पत्र लिहिलेल्या स्थितीत माझ्याजवळ आहे’, अशा वाक्यांतून हळूहळू ‘आय हॅव रिटन द लेटर’ निघाले. भूतकालवाचक शब्द जोडला की मात्र इंग्रजी हा काळ चालवून घेत नाही. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत खपते. ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ इंग्रजीत खपत नाही.

राहिला ‘हॅव टू’. ‘मला जावे लागते’, ‘आय हॅव टू गो’. येथेही ‘मला’ जाऊन ‘आय’ पुढे येतो. उच्चाराकडे लक्ष द्यावे: हा शब्द ‘हॅव टू’ असा सुटा न उच्चारता ‘हॅफ टू’ असा ऐकू येतो आणि ‘हॅज टू’ हा ‘हॅस टू’ असा. वाक्य मात्र पुस्तकातले घेऊ नये. ‘आय हॅव टू फेच वॉटर बिफोर स्कूल’ हे वाक्य माझ्या वर्गातील एका मुलीने स्वतः रचले होते. ती उशिरा का येते हे मी मराठीत अनेकदा विचारले होते आणि ती खाली मान घालून उभी राहत असे. उशीर होण्याचे कारण तिने मला प्रथम इंग्रजीत सांगितले. घरची बोली वेगळी असलेल्या मुलांकडून आधी त्यांच्या बोलीतले वाक्य म्हणवून घ्यावे आणि मग ते उलटे करावे. पुस्तकी मराठीची तिसरी पायरी मध्ये घालण्याचा आग्रह धरू नये.

केस कापून घेणे, कपडे शिवून घेणे या अर्थी ‘हॅव’ येतो तो प्राथमिक वर्गांना नको. शिक्षकाने स्वतः जाणून असावे एवढेच, नाहीतर ‘आय कट माय हेअर’ म्हणून आपणच न्हाव्याचा धंदा पत्करल्यासारखे होते.

शेवटी वह्या तपासण्याविषयी. आपल्यापैकी ज्येष्ठांनी जुन्या पुस्तकांतून ‘हॅव यू अ पेन?’ आणि ‘आय हॅव नॉट अ पेन’ अशी रचना पाठ केली असेल. ती एके काळी शिष्टसंमत होती. आज सर्वत्र ‘डू यू हॅव अ पेन?’ आणि ‘आय डोन्ट हॅव अ पेन’ असेच म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकांतही तेच असते. सन २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाल्यामुळे आपल्या हाताखालची मुले हा शब्द आपल्यापेक्षा चार वर्षे आधी ऐकतात. मुलाने ‘डू यू हॅव’ लिहिले आणि आपण जुन्या सवयीने ते खोडले, तर वहीत मूल बरोबर आणि लाल शाई चूक असा प्रकार होईल. असे एका वहीत मी प्रत्यक्ष पाहिले आहे. शाई माझीच होती.

आता मी येथे थांबतो. ज्या वर्गशिक्षकांनी सूचनेप्रमाणे मुलांच्या पाच-पाच वह्या बरोबर आणल्या असतील त्यांनी त्या टेबलावर ठेवाव्यात. ‘हॅव’ आणि ‘हॅज’ यांची चूक जेथे सापडेल तेथे ती खोडू नये. मुलाने कोणाचे वचन मोजले आहे, मालकाचे की वस्तूचे, एवढेच समासात पेन्सिलीने लिहावे. चहानंतर आपण ती बेरीज फळ्यावर मांडू.